किती झालं, किती राहिलं

भाताची आवणी करणारी बाई मागे मागे सरकत जाते. आटगावहून खर्डीकडे जाताना रुळांच्या दोन्ही अंगांना जुलैत जी खाचरं लागतात, त्यांत हे कुणालाही पाहता येईल. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने तीन-चार काड्या सुट्या करून चिखलात रोवायच्या आणि एक पाऊल मागे. पुढे जात लावलं तर आपणच लावलेलं तुडवलं जाईल, हे त्याचं साधं कारण. पण त्यामुळे आणखी एक गोष्ट होते. लावून झालेलं सगळं तिच्या डोळ्यांसमोर राहतं आणि राहिलेलं पाठीमागे. कंबर धरते, हातापायांची बोटं चिखलाने कुजायला येतात, तरी मान वर केली की समोर हिरवं दिसतं. आणि टाच बांधाला लागली की खाचर संपलं, हे कुणी सांगावं लागत नाही.

माझ्या कामात नेमकं याच्या उलट आहे. मी घरून काम करते, आरोग्य विम्याचे क्लेम तपासते. रुग्णालयाचं बिल, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, तपासण्यांचे रिपोर्ट असा गठ्ठा स्कॅन होऊन माझ्याकडे येतो. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा किती, रुग्ण किती भाड्याच्या खोलीत राहिला, मर्यादा ओलांडली असेल तर खोलीभाड्याशी जोडलेले बाकीचे खर्चही त्या प्रमाणात कापायचे. हातमोजे, मास्क अशा, ज्यांचे पैसे विम्यातून मिळत नाहीत, त्या वस्तू बाजूला काढायच्या. एखादी पावती नसेल किंवा तारीख पुसट असेल तर क्वेरी टाकायची. एक फाइल संपली की मी बटण दाबते आणि ती नाहीशी होते. समोर उरते ती राहिलेल्या फायलींची रांग. त्या रांगेत दिवसभर नव्या फायली येऊन बसत असतात, म्हणून वरचा आकडा सकाळी जेवढा असतो, जवळपास तेवढाच संध्याकाळीही असतो. झालेलं दिसत नाही आणि राहिलेलं नजरेसमोरून हलत नाही. त्यात पाठीमागून कुणीतरी ओढणी ओढत असतं.

ओढणी ओढणारी दोन माणसं आहेत. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला जाते, मुलगा अंगणवाडीत. तो दुपारच्या आधीच परत येतो, आणि आल्या आल्या त्याला अंगणवाडीत काय काय झालं ते सगळं, क्रमाने, मधेच न थांबता सांगायचं असतं. नेमक्या त्याच वेळी आमच्या टीमचा कॉल असतो.

घरून काम करणाऱ्या आईबापांनी उमेद कशी टिकवावी, यावर सल्ले पुष्कळ मिळतात. पहाटे उठा, ऑफिसला जाताना घालाल तसे कपडे घाला, कामाची यादी करा, वेगळी खोली ठेवा, मुलांना सांगा की दार बंद असलं की आई ऑफिसात आहे. त्यात खोटं काही नाही. पण हे सल्ले एकट्या माणसासाठी आहेत; ज्याच्या खोलीला दार आहे, दाराला कडी आहे आणि कडी लावल्यावर कुणाला वाईट वाटत नाही अशा माणसासाठी. आमच्याकडे ओटी, माजघर आणि मागची पडवी. दार दिवसभर उघडं असतं, कारण गावात दिवसा दार लावलेलं असलं की शेजारी विचारायला येतात, बरं आहे ना सगळं? आणि या सल्ल्यांचं मूळच मला पटत नाही. हुरूप ही प्रत्येकाने आपापल्या छातीत साठवून ठेवायची चीज आहे, आणि ती संपली तर दोष त्याचाच, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. मी जे पाहिलं आहे त्यावरून मला वाटतं, हुरूप कामातून येतो, पण काम दिसलं पाहिजे. करणाऱ्यालाही दिसलं पाहिजे आणि त्याच्याभोवती वावरणाऱ्यांनाही.

सासऱ्यांनी नोकरीची सगळी वर्षं कसारा लोकलने काढली. आटगाव ते मुंबई सुमारे ९५ किलोमीटर. एका बाजूला दोन तासांच्या वर. खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, पुढे खर्डी, कसारा या पट्ट्यातल्या दोन-तीन पिढ्यांचं आयुष्य त्या गाडीच्या वेळापत्रकावर चाललं. वडील अंधारात जायचे, अंधारात यायचे. ते तिकडे काय करतात हे मुलांना कधी दिसलं नाही. पण जाणं दिसायचं, येणं दिसायचं. डबा भरला जायचा, रिकामा परत यायचा, पिशवीतून कल्याणच्या बाजारातली भाजी निघायची. काम दिसत नसलं तरी त्याची सुरुवात आणि शेवट घराला ठाऊक होता. २३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाली आणि सर्वसामान्य प्रवाशांना पुन्हा गाडीत बसता आलं ते १ फेब्रुवारी २०२१ ला, तेही ठरावीक वेळांतच. त्या काळात या पट्ट्यातल्या ज्यांना शक्य होतं त्यांची कामं घरी आली, आणि काहींची घरीच राहिली. माझं त्यांतलंच. दिवसाचे चार-पाच तास गाडीतले वाचले, त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. ते तास कुणी परत मागितले तर मी देणार नाही. पण गाडीबरोबर जाणंयेणंही गेलं, आणि आमच्या घरात काम ही गोष्ट कुणाला दिसेनाशी झाली.

हे माझ्या लक्षात आणून दिलं सासूबाईंनी. त्यांचं सगळं आयुष्य भातशेतीत गेलं. उन्हाळ्यात राब भाजायचा, मिरगात पेरायचं, चिखलणी, आवणी, कापणी, झोडणी. मुलं झोळीत घालून त्यांनी ती बांधावरच्या आंब्याला टांगली आहेत. एकदा दुपारी चहाचा कप माझ्याजवळ ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "अगं, तू दिवसभर बसलेली दिसतेस. किती झालं, किती राहिलं, आम्हांला कसं कळायचं? शेतात बाई असली तर पोर बांधावरून बघतं, आता आईची एवढी पात राहिली, मग ती येईल. तुझ्या पोरांनी काय बघायचं?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच कळून घ्यायचं होतं.

मी तेव्हापासून या प्रश्नाचा विचार करते आहे. मुलं कामात व्यत्यय आणतात असं आपण सहज म्हणतो. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर आई समोर बसली आहे, ती काही करताना दिसत नाही आणि तरी ती आपल्याकडे बघत नाही. पात दिसत असेल तर मूल थांबतं. थांबायचं कशासाठी आणि कुठवर, हेच कळत नसेल तर तीन वर्षांच्या मुलाने थांबावं तरी का?

घरात बसून काम करणारी आई ही काही २०२० साली जन्माला आलेली नाही. जात्यावर दळणारी प्रत्येक बाई घरूनच काम करत होती, मांडीवर मूल घेऊन. एका बाजूला टोपलीतलं धान्य कमी होत जायचं, दुसऱ्या बाजूला जात्याभोवती पीठ जमत जायचं, आणि घरघर आणि ओव्या ऐकू यायच्या. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी अशीच घरच्या आणि शेतातल्या कामांत उमटली. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईची कविता मराठीला मिळाली ती मुलामुळे. सोपानदेवांनी आपल्या मावसभावाच्या साथीने ती टिपून ठेवली आणि बहिणाबाई गेल्यावर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. काम करत असलेल्या आईच्या जवळपास मूल असणं म्हणजे निव्वळ अडचण, असं मानायला माझं मन म्हणूनच तयार होत नाही.

पुढे मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी १५ मार्च १९५९ ला इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच लिज्जत, श्री महिला गृह उद्योग. त्याची यशोगाथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. लिज्जतच्या बहिणी, म्हणजे तिथल्या सभासद बायका, पापड घरी लाटतात, घरच्यांमध्ये बसून. मात्र भिजवलेलं पीठ घ्यायला सकाळी केंद्रावर जावं लागतं आणि लाटून वाळवलेले पापड केंद्रावर परत द्यावे लागतात. तिथे ते तपासले जातात, वजन होतं, लाटणीचे पैसे मिळतात. म्हणजे काम घरचं, पण त्याला सकाळची एक वाट आहे, हातात पडणारं वजन आहे आणि त्या वाटेवर भेटणाऱ्या इतर बायका आहेत. पीठ किती नेलं आणि किती संपलं हे घरातल्या लहान मुलालाही समजतं. साठ-पासष्ट वर्षं हा उद्योग टिकला त्याची कारणं अनेक असतील. मला त्यांतलं एक हे नक्की वाटतं. संगणकावर घरून काम देणाऱ्यांनी यातलं काहीच उचललेलं नाही. आम्हांला लॉगिन मिळालं, लॅपटॉप मिळाला. वाट नाही, वजन नाही आणि बहिणीही नाहीत.

कायद्यानेही घराचा विचार अर्धाच केला आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. रजा संपल्यावर, कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालक व ती बाई यांचं ठरलं तर, घरून काम करता येईल अशी तरतूद त्यात आली. ५० किंवा अधिक माणसं काम करतात तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, हेही त्यातच. चांगल्या तरतुदी आहेत, आणि ज्यांनी त्या घडवून आणल्या त्यांनी बायकांची मोठी सोय केली. पण पाळणाघर राहिलं ऑफिसपाशी. जी घरी बसून तेच काम करते, तिच्या मुलाने त्या वेळात कुठे असावं, याचं उत्तर तिने स्वतःच शोधायचं.

आमच्या घरापुरतं एक उत्तर मुलीने शोधलं. चिंच फोडण्याचे दिवस होते आणि सासूबाईंनी सुपात चिंचोके वाळत घातले होते. मुलीने त्यांतले मूठभर आणून माझ्या टेबलावर ओतले आणि विचारलं, "आई, तुझं एक काम म्हणजे केवढं?" मी म्हटलं, एक फाइल. मग तिने दोन वाट्या मांडल्या. त्या दिवशीच्या टार्गेटइतके चिंचोके डाव्या वाटीत. एक फाइल संपली की मी हाक मारायची आणि तिने एक चिंचोका उजव्या वाटीत टाकायचा. धान्याचं माप घालताना सासूबाई एक न म्हणता लाभ म्हणतात, तर ती पहिल्या चिंचोक्याला लाभ म्हणते आणि पुढे दोन, तीन. संपूर्ण वेळ ती तिथे बसते असं मुळीच नाही. चार-सहा चिंचोके टाकले की ती अंगणात पळते. पण परत आली की आधी वाट्या बघते. धाकट्यालाही आता कळतं की डावी वाटी रिकामी झाली की आई उठते. एखाद्या दिवशी तो घाईला येऊन डाव्या वाटीतले मूठभर परस्पर उजवीकडे ओततो. मग आम्ही बसून पुन्हा मोजतो.

त्या वाट्यांचा मला झालेला उपयोग मला अपेक्षित नव्हता. स्क्रीनवरचा आकडा तसाच असतो, पण उजवी वाटी भरत जाते. संपलेली फाइल नाहीशी होत नाही, ती तिथे पडलेली असते, तपकिरी, गुळगुळीत, मोजता येण्याजोगी. दुपारी तीनच्या सुमारास डोळे जड होतात, सगळ्या बिलांवरचे आकडे सारखे दिसू लागतात, तेव्हा नजर तिकडे जाते आणि पुढची फाइल उघडली जाते.

मग तिचा दुसरा प्रश्न आला. नाव-गाव मी तिला कधी सांगत नाही, सांगायचंही नसतं. पण प्रत्येक फाइल म्हणजे एक आजारी माणूस, एवढं मी सांगितलं होतं. एका चिंचोक्याला तिने हातातच धरून ठेवलं आणि विचारलं, "हा माणूस बरा झाला का?" इतकी वर्षं मी डिस्चार्ज कार्ड वाचते ते तारखा जुळतात का, निदान आणि उपचार यांचा मेळ बसतो का, हे बघायला. त्याच कार्डावर खाली डॉक्टरांनी लिहिलेलं असतं की रुग्णाला घरी सोडताना त्याची प्रकृती कशी होती. तो मजकूर बघून मी तिला सांगितलं, हो, चालत घरी गेला. ती खूश होऊन पळाली. तेव्हापासून मी ती ओळ प्रत्येक फाइलीत वाचते. कामाच्या दृष्टीने तिची गरज असतेच असं नाही आणि त्यात वेळही जातो. पण बिलाच्या मागे एक घर आहे, त्या घराने कुठून तरी पैसे उभे केले आहेत आणि परतावा कधी येतो याची वाट बघत आहे, हे त्या ओळीमुळे मला दिसत राहतं. क्वेरी टाकताना मी आता नेमका कोणता कागद हवा ते स्पष्ट लिहिते, म्हणजे त्यांना पुन्हा हेलपाटा पडू नये. काही फायलींत ती ओळ चांगली नसते. तिने विचारलं तेव्हा तेही मी खरं सांगितलं आहे.

मूल आणि काम यांना वेगळं काढून चालत नाही, हे तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार आधी ओळखलं होतं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, पुढे ते कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखतात, धाकटी भावंडं सांभाळतात, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली, म्हणजे कडेवरच्या भावंडासाठी मोठ्या बहिणीची शाळा सुटायला नको. घर, काम आणि मूल यांची फारकत न करता सोय कशी लावायची, हे तेव्हाच्या आमच्याच जिल्ह्यात दोन बायकांनी करून दाखवलं. आमच्या गावातली अंगणवाडी त्याच वाटेवरून आलेली आहे. तिथल्या सेविका आणि मदतनीस रोज जे तीन-चार तास माझ्या मुलाला सांभाळतात, त्याच तासांत माझं निम्मं काम होतं. त्यांच्या मानधनाच्या बातम्या वाचते तेव्हा मला राग येतो. आमच्यासारख्यांची उमेद त्यांच्या कष्टांवर उभी आहे.

सगळे दिवस चिंचोक्यांनी निभत नाहीत. एप्रिल-मे पाण्यामुळे अवघड. आमच्या भागातलं तानसा धरण १८९२ सालचं. तेव्हापासून आमच्या डोंगरांतलं पाणी मुंबईला जातं, भातसा धरणही आमच्याच तालुक्यात, आणि तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर लागतो. टँकर आला की सगळं सोडून हंडे घेऊन पळावं लागतं. त्यातच शाळेला सुट्टी, अंगणवाडीची वेळ कमी. पावसाळ्यात वीज जाते, नेट जातं, मुलांना ताप येतो. मुलाचं अंग तापलेलं असताना दुसऱ्याच्या तापाचं बिल तपासायला बसणं ही गोष्ट कठीण आहे. तिथे हुरूप वगैरे काही नसतो; माणसं लागतात.

त्यासाठी आम्ही सध्या एक खटपट करतो आहोत. गावात घरून काम करणाऱ्या आम्ही तिघी निघालो. एक इंग्रजी शाळेचे ऑनलाइन वर्ग घेते, एक औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा हिशेब बघते आणि मी. आवणीला इथे सावड चालते. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्यात तुम्ही. तीच सावड आम्ही घालतो आहोत. मंगळवारी आणि शुक्रवारी तिघींनी एकीच्या ओटीवर बसायचं, मुलं मागच्या अंगणात, आणि तासातासाने एकीने मुलांकडे जायचं. माझ्या फायली कुणाला दिसू नयेत म्हणून भिंतीला पाठ लावून बसायची जागा माझी, हे ठरलं आहे. चहा ज्या घरी बसायचं त्या घरचा. वर्ग घेणारीला शांतता लागते, म्हणून तिच्या वेळेत मुलांना शाळेच्या पटांगणात न्यायचं. कुणाचं घर, यावर अजून एकमत होत नाही. माझ्याकडे जागा मोठी पण रेंज धड नाही. हिशेबवालीकडे रेंज आहे, इन्व्हर्टरही आहे, पण तिच्या दारातून गुरांची वाट जाते आणि धाकटी पोरं त्यांच्यामागे धावतात. सासूबाईंचं म्हणणं, गुरांचं मी बघते, तुम्ही तिकडे बसा.